इळैयराजा कालबाह्य झाले काय?

काही दिवसांपूर्वी आमच्या एका अभ्यासवर्गात महागाई आणि वेतन या विषयावर बोलण्याचा योग आला. रात्री जेवणे आटोपल्यावर दोन तरुण कार्यकर्ते हमरीतुमरीवर आले. एक धारावीचा. त्याचे आजोबा तिरुनेलवेलीहून कातड्याच्या धंद्यात कामाला आले आणि इथलेच झाले. दुसरा पुण्याचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. वाद वेतनाचा नव्हता, महागाईचाही नव्हता. वाद होता तमिळ चित्रपटसंगीतकार इळैयराजा यांचा. 8 मार्च 2025 रोजी त्यांची पहिली सिंफनी लंडनमध्ये वाजली, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडलेली होती. धारावीचा तरुण म्हणत होता, असा माणूस शतकात एकदाच जन्मतो. पुण्याचा म्हणत होता, त्यांचा काळ 1990 च्या सुमारासच संपला; व्हायोलिनांचा तो ढीग आता कोणाला हवा आहे? आता ते केवळ न्यायालयीन नोटिसांपुरते उरले आहेत.

मध्यस्थ म्हणून मला ओढले. मी संगीतज्ञ नाही; हयातभर अर्थशास्त्र शिकवले. त्या रात्री निकाल दिला नाही, तो आज देतो. वादाचे दोन्ही पक्ष चुकीचा प्रश्न विचारीत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या माणसाची ओळख. 1943 साली तमिळनाडूतील पन्नैपुरम या खेड्यात, एका दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे थोरले बंधू पावलर वरदराजन हे कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारसभांतून गाणारे लोकशाहीर. या बंधूंच्या फिरत्या पथकात, गावोगावच्या सभांच्या फळीवर इळैयराजांचे संगीतशिक्षण सुरू झाले. पुढे मद्रासला धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्त्य स्वरलेखन आत्मसात केले, जी. के. वेंकटेश यांच्याकडे साहाय्यक म्हणून उमेदवारी केली आणि 1976 साली ‘अन्नक्किळी’ने ते घराघरांत पोचले. त्यानंतर हजाराहून अधिक चित्रपट. ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या दारात उभे करीत नसत, त्यांच्यातला एक मुलगा संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी स्वतःच्या हाताने लिहितो आणि वादकांपुढे ठेवतो, ही घटना सामाजिक इतिहासात नोंदण्याजोगी आहे. ती केवळ चाहत्यांच्या कौतुकाची बाब समजणे म्हणजे तिचे मोल कमी करणे होय.

आता ‘कालबाह्य’ या शब्दाकडे वळू. कालबाह्य म्हणजे काय? बाजारात आज खपत नाही ते कालबाह्य, अशी ही व्याख्या दिसते. ही व्याख्या आमच्या तरुणांनी बाजाराकडून उसनी घेतली, आणि उसनी घेतली आहे याचीही त्यांना जाणीव नाही. बरे, बाजाराच्या कसोटीवर तरी ती टिकते काय? 2024 साली ‘मंजुम्मेल बॉईज’ हा मल्याळी चित्रपट गाजला. त्याचा प्राण ठरले ते 1991 च्या ‘गुणा’तील इळैयराजांचे गाणे. त्या गाण्याच्या वापराबद्दल त्यांनी नोटीस धाडली, तेव्हा हीच मंडळी त्यांना लोभी म्हणू लागली. ज्याची चाल संपली म्हणता, तिच्यावाचून तुमच्या चित्रपटाचा कळस चढत नाही. आणि तो मोबदला मागतो तेव्हा मात्र तो हावरट! शेतकऱ्याच्या धान्यावर जेवून त्यालाच भाव मागतो म्हणून नावे ठेवणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाची ही जात आहे.

दुसरा आक्षेप असा की हा वाद्यवृंद परका आहे. हा आक्षेप आपल्याकडेही जुना आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची घडण दिली ती सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय वादक-संयोजकांनी. ही माणसे आकाशातून पडली नव्हती. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून गरिबांच्या पोरांनाही स्वरलेखन शिकवले जाई, त्या शिक्षणाचे हे फळ होते. गोन्साल्विस यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस रागसंगीत आणि सिंफनी यांचा मेळ घालण्याचा घाट घातला. इळैयराजांनी 1986 च्या ‘हाऊ टू नेम इट’मध्ये त्यागराज आणि बाख यांना एका पंगतीत बसवले. वाद्याला जात नसते, देशही नसतो. ते शिकण्याची संधी कोणाला मिळते आणि कोणाला नाही, एवढाच खरा प्रश्न असतो.

इथे मूळ मुद्दा येतो. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात कामगाराची उत्पादकता वाढत जाते. परंतु चार जणांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसे लागत आणि आजही चारच लागतात. इतर क्षेत्रांत वेतने वाढली की वादकाचा मोबदलाही वाढावा लागतो, आणि जिवंत संगीत उत्तरोत्तर महाग होत जाते. भांडवलाने यावर यंत्राचा तोडगा काढला. पन्नास वादकांच्या जागी एक कळफलक बसला. इळैयराजा यातून अलिप्त नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 1986 च्या ‘पुन्नगै मन्नन’मध्ये त्यांनीच संगणकाचा वापर केला. तरीही वाद्यवृंदाची कास त्यांनी सोडली नाही. व्हायोलिनांचा जो ‘ढीग’ माझ्या पुण्याच्या मित्राला खुपतो, त्यातील एकेका व्हायोलिनमागे एक चूल होती. त्या चुली विझल्या तेव्हा ना चाहत्यांनी हळहळ केली, ना आपण मोर्चा काढला. 2016 साली ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना लॉस एंजेलिस गाठावे लागले. इळैयराजांचे ऋण मोकळेपणी मानणाऱ्या या जोडीला मी दोष देत नाही. पण करमाळ्याच्या मातीतील कथेला सूर देणारा वाद्यवृंद सातासमुद्रापार शोधावा लागतो, ही आपल्या सांस्कृतिक धोरणाची शोभा नव्हे.

मालकीहक्काचाही विचार केला पाहिजे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्कांबाबत निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. त्या निकालाला आपली वेगळी टिपणी जोडून गायक-वादकांच्या हक्कांकडे लक्ष वेधले ते न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी. हे गृहस्थ 1957 च्या केरळातील कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. संगीतकार आणि गीतकार यांचा स्वामित्वशुल्कातील वाटा कायद्याने अभेद्य होण्यास 2012 साल उजाडावे लागले. इळैयराजांची मागणी म्हणूनच रास्त आहे. पण ती अपुरीही आहे. 2017 साली एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना त्यांनी नोटीस धाडली, तेव्हा श्रमिकानेच श्रमिकाची वाट अडवल्यासारखे झाले. गाणे रचणाऱ्याचे असते, तसेच ते गाणाऱ्याचे आणि रोजंदारीवर वाजवून निनावी घरी जाणाऱ्याचेही असते.

त्यांच्या राजकारणाविषयीही बोलतो. 2022 साली मोदी आणि आंबेडकर यांची तुलना करणाऱ्या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्या प्रस्तावनेशी माझा संपूर्ण मतभेद आहे. परंतु तिच्या निमित्ताने त्यांची जात काढणारे टीकाकार माझे सोबती नव्हेत. आणि त्यांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्या भक्तांना मी 1949 सालच्या, संविधान सभेतील बाबासाहेबांच्या व्यक्तिपूजेविरुद्धच्या इशाऱ्याची आठवण देतो. तो इशारा राजकारणासाठी होता. कलेलाही तो अगदीच गैरलागू नाही.

शेवटी आपल्याविषयी. पावलर वरदराजन सभा भरवीत. भाषणे नेते करीत. आपल्याकडे लाल बावटा कलापथकाने गिरणगाव पेटवला, पण अण्णाभाऊ साठे 1969 साली हलाखीतच गेले. शाहीर निवडणुकीपुरता आणि पोवाडा झेंड्यापुरता, ही आपली रीत. ज्या पोरांना आपण फळी दिली, त्यांना नंतर बाजाराने उचलले. मग ती आपली राहिली नाहीत म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

तेव्हा त्या दोघा तरुणांना माझे सांगणे असे. इळैयराजा आजचे की कालचे, हा वाद सोडा. महापालिकेच्या शाळांत वाद्य आणि स्वरलेखन शिकवण्याची मागणी करा. कायद्यात कलावंताला दिलेला मोबदला शेवटच्या रांगेतील वादकापर्यंत पोचतो की नाही, याचा जाब विचारा. आज यंत्र स्वतःच चाली जुळवू लागले आहे. ज्या हजारो वादकांच्या श्रमावर ते पोसले गेले, त्यांचा हिस्सा मागा. पन्नैपुरमसारख्या कुठल्याशा खेड्यात आजही एखादी पोर डबा वाजवीत बसली असेल. तिच्या हाती व्हायोलिन पडते की नाही, यावर आपल्या राजकारणाची कालसुसंगतता ठरणार आहे.