मोहाला इश्क म्हणू नका

लग्न झालेल्या माणसाचे मन घराबाहेर गुंतले की आमच्या समाजात तीन सबबी तयार असतात. पहिली, इश्कावर कुणाचा जोर चालत नाही. दुसरी, शरीयतने चारची मुभा दिली आहे. तिसरी खास पुण्याची : बाजीरावाने नाही का मस्तानी आणली? विश्रांतवाडीच्या चहाच्या टपरीपासून धानोरीच्या गल्लीपर्यंत आम्ही या सबबी इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्यांचा समाचार घेणे आता भाग आहे.

तिसरी आधी घेऊ. २०१५ च्या चित्रपटानंतर तर तिला भलताच रंग चढला. पण इतिहास काय सांगतो? १७२९ साली बाजीरावांनी छत्रसालाला बंगशाच्या तावडीतून सोडवले, त्यानंतर मस्तानी पुण्यात आली. घरी काशीबाई होत्या. १७३४ साली काशीबाईंना रघुनाथराव झाले आणि त्याच साली मस्तानीला शमशेर बहादूर. त्या घराचे सारे दुखणे या एका सालात आहे. पुढे बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनीच मस्तानीला कैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. मुलाला बापाची जात मिळाली नाही, तरी पानिपतावर तो पेशव्यांसाठीच लढला आणि १७६१ साली जखमांनी मेला. पुण्याने मस्तानीचे नाव दुधाच्या ग्लासाला दिले, घरात मात्र जागा दिली नाही. रणांगणावर न हरलेल्या पेशव्याला जे निभावता आले नाही, ते रिक्षाचा हप्ता फेडताना मेटाकुटीला येणाऱ्या आमच्या भावांना निभावेल काय?

आता शरीयत. चारची मुभा सर्वांना तोंडपाठ आहे. तिच्यासोबतची इन्साफाची अट मात्र कुणाच्या ओठावर नसते. कितीही मनात आणले तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय करणे तुम्हाला जमणार नाही, असा इशाराही त्याच सूरा निसामध्ये आहे. मुभा मोहासाठी नाही, जबाबदारीसाठी आहे. इंदूरच्या शाहबानोंचा निकाह १९३२ सालचा. नवऱ्याने पुढे दुसरी बायको केली आणि १९७५ साली पाच मुलांच्या या आईला घराबाहेर काढले. १९८५ चा निकाल सर्वांना आठवतो. त्याआधीची त्रेचाळीस वर्षांची गृहस्थी कुणाला आठवते?

राहिला इश्क. तोच इश्क बायकोला झाला तर आम्ही त्याला काय म्हणतो? तेव्हा तो इश्क राहत नाही, बदचलनी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले. ते योग्यच झाले, कारण घरातली फसवणूक पोलिसांनी सोडवण्याची गोष्ट नाही. पण गुन्हा नाही म्हणजे इजा नाही, असे कुणी समजू नये. पहिलीच्या नशिबी रोजची उपेक्षा येते. दुसरीला धड मेहर नाही, धड नाव नाही, फक्त लपूनछपून येणारा एक फोन. मुले बापाचा चेहरा वाचायला शिकतात, आणि त्यांना कुणी काही सांगत नाही. मोह एकाचा असतो, बिल मात्र सगळे घर भरते.

आम्ही प्रेमाच्या विरोधात नाही. ज्याचा संसार खरोखरच मोडला आहे, त्याने तो उजेडात, हक्क चुकते करून, इज्जतीने संपवावा. खुला आणि तलाक त्यासाठीच आहेत. पण एक पाय घरात आणि एक बाहेर ठेवून वर इश्काचा दाखला देणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : जे तुम्ही टपरीवर मित्रांना फुशारकीने सांगता, ते बायकोच्या डोळ्यांत पाहून सांगाल काय? सांगता येत नसेल तर ते इश्क नव्हे. आणि जमातीतल्या बुजुर्गांनीही अशा माणसाच्या पाठीवर थाप मारण्याऐवजी आधी त्याच्या घरचे दार ठोठावून आत काय चालले आहे ते विचारावे.