टाच आणि खूर

दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठच्या मोकळ्या रानात घोड्यांचा बाजार उभा राहतो. पहाटे त्या बाजारातून चालत गेलं की शेकोट्यांचा धूर, लिदीचा वास आणि खराऱ्याचा खसखस आवाज. अशाच एका पहाटे एका राखणदारापाशी थांबलो. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला होता. खुरातली माती त्यानं कोरून काढली, ओल्या फडक्यानं खूर पुसलं आणि ते ओलं असतानाच वरून बोटांनी तेल चोळलं. घाई नाही, चुकारपणा नाही. मी विचारलं, "रोज?" म्हणाला, "रोज, भाऊ. हिवाळ्यात खूर तडकतं. तडकलं की घोडा लंगडतो, आणि लंगड्या घोड्याकडे गिऱ्हाईक वळूनही बघत नाही."

त्याची स्वतःची टाच चपलेबाहेर आली होती. करंगळीचं नख मावेल एवढी भेग, तिच्यात काळी माती बसलेली, कडेला वाळलेलं रक्त. तिच्याकडे बोट केलं तर म्हणाला, "ही माणसाची आहे."

घोड्याचं खूर आणि माणसाच्या टाचेवरची जाड कातडी मुळात एकाच द्रव्याची बनते. त्याचं नाव केराटिन. आपली नखं आणि केसही त्याचेच. पाणी आटलं की हे द्रव्य कडक होतं, वजन पडलं की तडकतं. खुराला लागू असलेला नियम टाचेलाही लागू आहे. फरक एवढाच, की एकाचा बाजारभाव ठरतो.

आता माझ्याशी वाद घालणाऱ्यांचं म्हणणं मांडतो. ते मला अनोळखी नाहीत, काही तर माझ्या घरातलेच आहेत.

पहिलं म्हणणं आबांचं, आणि आमच्या शहाद्याकडच्या निम्म्या शेतकऱ्यांचं. "पाय फुटनात, म्हंजे काम व्हयनं." भेगा ही कष्टाची खूण, तिला तेल-मलम लावणं हे शहरातल्या बायांचं चोचलं. या बोलण्यात कष्टाचा अभिमान आहे आणि त्या अभिमानापुढे मी मान झुकवतो. पण खूण आणि जखम यांत अंतर आहे. हाताला पडलेला घट्टा ही कष्टाची खूण, तो खालच्या मांसाला जपतो. भेग कशालाच जपत नाही. ती कातडीला पडलेलं भगदाड आहे. त्यातून शेणामातीतले जंतू आत जातात, पाय सुजतो, लाल होतो, ताप भरतो. मधुमेह असेल तर भेग पडलेली अनेकदा कळतही नाही, कारण पायाची जाणीव आधीच बधिर झालेली असू शकते. तशा माणसाच्या बाबतीत गोष्ट टाचेवर सुरू होऊन पाय कापण्यापर्यंत गेलेली गावोगावचे डॉक्टर सांगतात.

चोचल्याचा आरोप करणाऱ्यांना व्हॅसलीनचा जन्म सांगायला हवा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना एक मेणचट थर चिकटायचा. विहिरींवरचे मजूर तो खरवडून कापलेल्या-भाजलेल्या जागी लावत. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञानं ते पाहिलं, तो थर शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. ती डबी शृंगाराच्या मेजावर फार नंतर आली. आधी ती कामगाराच्या फुटलेल्या हातावर होती.

दुसरं म्हणणं अधिक सुशिक्षित आहे: पाणी भरपूर प्या, तूप खा, शरीर आतून ओलं ठेवा, वरून लावून काय होतं? ऐकायला हे पटतं. खरी गोष्ट निराळी आहे. निरोगी माणूस गरजेपेक्षा जास्त प्यायलेलं पाणी मूत्रावाटे टाकून देतो, ते टाचेपर्यंत पाठवण्याची सोय शरीरात नाही. हिवाळ्यात कातडीच्या आत पाण्याचा दुष्काळ नसतोच. दुष्काळ पडतो तो सर्वांत वरच्या, कागदाएवढ्या पातळ थरात, कारण तिथलं पाणी उडून जातं. सारंगखेड्याच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. तापीवर आपल्या गावाला बॅरेज आहे. पावसाळा सरताना त्याचे दरवाजे टाकतात म्हणून पाणी अडतं. दरवाजेच नसतील तर वरून कितीही पाणी आलं तरी ते पुढे गुजरातेत जाणार. कातडीचे दरवाजे म्हणजे तिच्यातली चरबी. वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत ही चरबी चुन्यासारखी भरलेली असते. चुना धुऊन गेला की पाणी टिकत नाही.

तळपायाचं तर आणखी वाईट. अंगावर इतरत्र तेलग्रंथी असतात, त्या आपोआप थोडं तेल सोडत राहतात. तळहात आणि तळपाय या दोन्ही ठिकाणी त्या मुळीच नाहीत. निसर्गानं ज्या दोन जागी तेल दिलं नाही, नेमकं त्याच दोन जागांकडून आपण सर्वांत जास्त काम घेतो.

"मग नदीकाठच्या गावात हवा कोरडी कशी?" असं एका मित्रानं विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. नंदुरबार जिल्ह्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, सातपुड्यात डाबकडे तर दव गोठतं. दहा अंशांच्या हवेला घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ पेलवत नाही. तीच हवा दुपारी तीस अंशांवर गेली की तिला तीस ग्रॅमची भूक लागते. पहाटे धुक्यानं ओथंबलेली हवा दुपारी दोन तृतीयांश रिकामी होते आणि ती भूक भागवायला मातीतून, पानातून, ओठांतून, टाचेतून पाणी ओढते. म्हणून आपल्याकडे कातडी पहाटेच्या गारव्यात जेवढी उलते, त्याहून जास्त दुपारच्या त्या कोवळ्या वाटणाऱ्या उन्हात उलते. उन्हात बसून हाडं शेकावीत, सुख आहे त्यात. पण कोरड्या अंगानं बसू नये.

तिसरा पक्ष कडकडीत पाण्याचा. बंबातलं वाफाळतं पाणी, भरपूर साबण, आणि वर दगडानं किंवा वजरीनं खसाखसा घासणं. अंग लाल झालं की आंघोळ झाली. पांढरे चरे दिसतात तो मळ समजून आणखी घासतात. चरे म्हणजे मळ नव्हे. ती सुकून सुटू लागलेली कातडी आहे. कढत पाणी आणि साबण मिळून सांध्यातली चरबी उपसतात, जशी ताटावरची उपसतात. निरोगी कातडी किंचित आंबट असते, वडीचा साधा साबण बराच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा. रोज सबंध अंगाला तो चोळून आपण दरवाजे स्वतःच्या हातानं उघडतो.

या पक्षाचे लोक परंपरेचा दाखला देतात, म्हणून परंपरेकडेच जाऊ. वाग्भटानं अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत रोज अभ्यंग सांगितला. डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून. दिवाळीच्या पहाटे आपण काय करतो? आधी तेल, मग उटणं, मग पाणी. थंडीच्या तोंडावर येणाऱ्या सणाला पूर्वजांनी क्रम लावून दिला होता. आपण एका दिवसाचा सोहळा ठेवला आणि उरलेले तीन महिने साबणाच्या हवाली केले.

चौथं म्हणणं बिब्ब्याचं. इथं माझा तोल जातो, हे आधीच सांगतो. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि टपटपणारं काळं तेल भेगेत सोडायचं, हा उपाय आमच्या भागात अजून चालतो. मी सातवीत असताना आबांनी तो करून घेतला. चटका बसला, भेग काळी पडून बधिर झाली, सगळे म्हणाले उतरलं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. घोट्यापर्यंत पाण्यानं भरलेले फोड, खाज अशी की ते रात्री पाय पाट्याच्या कडेला घासायचे. गव्हाला पाण्याची पहिली पाळी मायनं आणि मी दिली. बिब्ब्याच्या तेलात कातडी पेटवणारं द्रव्य असतं, कपड्यावर परीट ज्या रसानं न पुसणारी खूण करतो तोच हा रस. आयुर्वेदात बिब्बा औषध आहे, मान्य. पण तो शोधून, वैद्याच्या हातानं. दिव्यावर टपकवलेला बिब्बा औषध म्हणून मला सांगू नका. आबांच्या घोट्यावरचा काळा डाग मी चाळीस वर्षं पाहतो आहे.

शेवटचं म्हणणं सर्वांत वजनदार आहे, ते एका तरुण कार्यकर्त्यानं मांडलं. "शेतकऱ्याला रात्रीची वीज देता. पौषाच्या थंडीत तो मध्यरात्री उठून चिखलात अनवाणी उभा राहतो, दारं धरतो. ऊसतोड कामगार पाचटात राहतो. त्याला मलम कसलं सांगता? दिवसा वीज द्या, बूट द्या." यातला एकही शब्द मी खोडत नाही. ओला-कोरडा, ओला-कोरडा होणारा पाय सर्वांत लवकर फुटतो, हे शास्त्रही सांगतं. माझं म्हणणं एवढंच, की मागणी मंजूर होईपर्यंत भेग थांबत नाही. मोर्चाला जायचं तेही त्याच पायांनी. दिवसा वीज मागावी आणि रात्री टाचेला तेल लावावं, या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण नाही.

मग करायचं काय? त्या राखणदारानं खुराला जे केलं, तेच. सगळी युक्ती "ओलं असतानाच" या दोन शब्दांत आहे. कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता. अंग टिपायचं, घासायचं नाही. आणि कातडी दमट असताना, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा व्हॅसलीन. तेल स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. सुकलेल्या टाचेवर दुपारी लावलेलं तेल म्हणजे आटलेल्या पात्रावर टाकलेले दरवाजे.

कुठलं तेल, यावर भांडू नये. खोबरेल उत्तम. २००४ साली फिलिपिन्समध्ये कोरड्या कातडीच्या ३४ जणांवर ते खनिज तेलाशी ताडून पाहिलं, दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. आपल्याकडे थंडीत ते बाटलीत थिजतं, चोवीस अंशांखाली थिजणारच. उन्हात ठेवावं किंवा बोटानं उकरून तळहातावर वितळवावं. सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल असतं, तेही तुपासारखं थिजतं आणि अंगाला छान धरून राहतं. कोकणात याच कामाला कोकमाचं तेल आहे. जाहिरातीतल्या महाग क्रीमांना माझा विरोध नाही, पण त्यांच्या किमतीकडे बघून "हे आपल्याला परवडणारं नाही" म्हणत जो माणूस काहीच लावत नाही, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. किराणा दुकानातली सगळ्यांत लहान डबी पुरते.

टाच फारच राठ असेल तर रात्री पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वजरी हलक्या हातानं, मग व्हॅसलीनचा जाड थर आणि सुती मोजे. औषधाच्या दुकानात युरिया असलेलं मलम मिळतं, ते राठ कातडी मऊ करतं आणि पाणी धरून ठेवतं. शेतात पोत्यानं टाकतो तोच हा पदार्थ. पण पोत्यातला युरिया पाण्यात कालवून पायाला लावू नका, मलमातलं प्रमाण मोजून ठरवलेलं असतं. भेगेतून रक्त येत असेल तर वजरी बंद. मधुमेह असेल तर गरम पाणी आणि वजरी दोन्ही बंद, थेट डॉक्टर. आणि बोटांच्या बेचक्यांत खाज असेल, रात्री वाढत असेल, घरात एकापाठोपाठ एक सगळे खाजवत असतील, तर तो कोरडेपणा नाही, खरूज आहे. तिला तेल लावून वेळ घालवू नये. डॉक्टर देतील ते औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.

आणखी एक गोष्ट, आमच्या आयाबायांची. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर हिवाळाभर लाल मिरची वाळते आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. हात आधीच थंडीनं उललेले, त्या चिरांत मिरची जाते. माझी मावशी दोंडाईच्याकडे या कामाला जायची. रात्री ती हात गार पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसायची. बाहेर काढला की पुन्हा आग. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मावशीला सांगितलं, कामावरून आल्यावर आधी हाताला तेल चोळ, मग साबणानं धू, मग पुन्हा तेल. आणि सकाळी जाण्याआधी चिरांवर व्हॅसलीन. तिनं आठ दिवस ऐकलं नाही. नवव्या दिवशी ऐकलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःच्या हातानं भाकरी कालवून खाल्ली. एरवी तिला चमचा द्यावा लागायचा.