चित्रपुस्तकाचे वय

चित्रपुस्तक म्हणजे साक्षरतेच्या जिन्याची पहिली पायरी. अक्षरओळख झाली की ती मागे टाकायची, अशी समजूत आपल्या साहित्यविचारात दृढमूल झाली आहे. ती चुकीची आहे, आणि ती रुजविण्यात माझ्यासारख्या प्राध्यापक-समीक्षकांचा वाटा मोठा आहे.

पॅट हचिन्स यांचे १९६८ मधील 'रोझीज वॉक' पाहावे. सबंध पुस्तकात शब्द ३२, तेही एकाच वाक्यात. कोंबडी फेरफटका मारून जेवणवेळी घरी परतते, एवढेच ते सांगतात. तिच्या मागावर असलेला आणि पावलोपावली फजीत होणारा कोल्हा केवळ चित्रांत आहे. शब्द त्याचे नावही घेत नाहीत. अक्षरे न येणाऱ्या नातवाला कोल्हा आधी दिसतो, वाचून दाखविणाऱ्या आजोबांना शब्दांचे मौन जाणवते. हसतात मात्र दोघेही. ध्वनीला काव्याचा आत्मा मानणाऱ्या आनंदवर्धनाचे आपण वारस. मग ही व्यंजना आपल्याला बालिश का वाटावी?

कोणी म्हणेल, ही गंमत झाली; प्रौढ अनुभवाचा भार चित्रपुस्तकाला पेलेल काय? याचे उत्तर आपल्याच देशात आहे. मध्य प्रदेशातील ज्या पाटणगढात राहून व्हेरिअर एल्विन यांनी आदिवासी जीवनाचा अभ्यास केला, तेथीलच गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवावयास गेले. त्या प्रवासाचे 'द लंडन जंगल बुक' चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ साली प्रसिद्ध केले. त्यात बिग बेनच्या घड्याळाला वेळ सांगणारा कोंबडा भेटतो, बस इमानी कुत्रा होते. मुलाला ही जादू वाटेल. प्रौढाला दिसेल की, पाहणारा आणि पाहिला जाणारा यांनी येथे जागा बदलल्या आहेत. हा आशय चित्राविना सांगताच आला नसता.

चित्रांनी सजविलेला उपदेश मीही चित्रपुस्तक मानत नाही. तो मुलांनाही कंटाळवाणाच होतो. परंतु साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ साली मिळालेल्या माधुरी पुरंदरे लिहितात तशी चित्रेही काढतात, हे ठाऊक असूनही आपली चर्चा मजकुरापाशीच थांबत असेल, तर अर्धे पुस्तक आपण वाचलेलेच नाही. पदव्युत्तर वर्गात एक तरी चित्रपुस्तक नेमावे. ध्वनी शिकवावयास ३२ शब्द पुरेसे आहेत.