नालवाडीच्या चौकाला नंबर देता येईल का?

नालवाडी, पवनार, सेवाग्राम. विनोबा १९३२च्या अखेरीस नालवाडीत राहायला आले आणि १९३८ मध्ये तिथून पवनारला गेले. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, चालतच गेले. तिन्ही ठिकाणं सायकलवर एका दिवसात आरामात होतात. मग ओपनस्ट्रीटमॅपवर एक छानसा ‘सायकलमार्ग’ टाकून द्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे. आधी हे नंबरांचं प्रकरण समजून घेऊ.

बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ मध्ये एक साधी युक्ती निघाली: मार्गांना नावं न देता चौकांना नंबर द्यायचे. सायकलवाला घरून ‘२१-२२-३५’ एवढं लिहून निघतो आणि पाट्या बघत जातो. पुढे नेदरलँड्सनेही हेच उचललं. नकाशात चौकाच्या बिंदूवर नंबर टाकतात आणि दोन चौकांमधला प्रत्येक तुकडा ‘रिलेशन’ म्हणून वेगळा नोंदवतात. नंबर थेट रस्त्यावर का नाही टाकत? कारण एकाच रस्त्यावरून दोन-तीन मार्ग जाऊ शकतात.

गोंधळ झाला तो टॅगमध्ये. एलसीएन म्हणजे स्थानिक, आरसीएन म्हणजे प्रादेशिक, एनसीएन म्हणजे राष्ट्रीय सायकलमार्ग. पायवाटांसाठी ‘सी’च्या जागी ‘डब्ल्यू’. पण डच मंडळींनी आरसीएन हे नंबरी जाळ्यासाठीच वापरलं, आणि साधे प्रादेशिक मार्ग अडचणीत आले. म्हणून ‘नोड नेटवर्क’ असं सांगणारा वेगळा टॅग आणावा लागला. (नियम आधी, अपवाद नंतर, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही!)

आता नालवाडी. ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक सरळ आहे: जमिनीवर दिसतं तेच नकाशात. पाटी नाही, तर नंबरही नाही. हा नुसता काटेकोरपणा नव्हे. बीराउटरसारखी साधनं सायकलमार्ग म्हणून नोंदलेल्या रस्त्याला झुकतं माप देऊ शकतात. आपण हौसेने ओढलेली रेघ बघून परगावचा एखादा सायकलस्वार ट्रकच्या गर्दीत जाऊन पडायचा.

त्यापेक्षा आज नोंदवण्यासारखं बरंच आहे: रस्ता डांबरी की मुरमाचा, कडेला सायकलपुरती जागा आहे का, पिण्याचं पाणी कुठे, पावसाळ्यात कुठला रपटा बुडतो. मात्र ही माहिती गूगल मॅप्सवरून उतरवायची नाही, परवान्यात ते बसत नाही. स्वतः जाऊन बघायचं. उद्या नगरपालिकेने किंवा जिल्हा परिषदेने खरंच नंबरांच्या पाट्या लावल्या, तर त्यांचे फोटो काढून रिलेशन बनवणं हे एका संध्याकाळचं काम आहे.