ग्रामसभेला कोरम नाही, ग्रुपवर मात्र सगळे हजर

पीकपाणी बाजूला ठेवून आज थोडं कडू बोलतो.

शेतकरी आंदोलन म्हटलं की टीव्हीवर काय दिसतं? रस्त्यावर ओतलेलं दूध. 1 जून 2017 ला शेतकरी संप सुरू झाला, तेव्हाही तेच दाखवलं. पण संपाचा ठराव आधी पुणतांब्याच्या ग्रामसभेत झाला होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? राज्य हलवणारी गोष्ट एका गावच्या सभेतून निघाली.

आता आपल्या गावची सभा बघा. वर्षात किमान चार व्हायला पाहिजेत. कोरम किती? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. लग्नात एवढी माणसं पहिल्याच पंगतीला बसतात. सभेला मात्र येत नाहीत. मग सभा तहकूब. आणि खरी मेख इथंच आहे: तहकूब सभेला कोरम लागत नाही! आठ-दहा जण बसतात, सह्या होतात. विहीर कुणाला, गोठा कुणाला, पाणंद रस्ता कुठून, सगळं मंजूर. नंतर आपण पारावर आणि ग्रुपवर शिव्या घालत बसतो.

"आमचं कोण ऐकतंय?" हे कारण मला पटत नाही. नुसतं ऐकवायला जाऊच नका, लिहून घ्यायला जा. विषय लेखी द्या, पोच घ्या, प्रोसिडिंगमध्ये नोंद झाली का ते बघा. दाखवत नसतील तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वित्त आयोगाच्या पैशाचा हिशोब ई-ग्रामस्वराजवर मोबाईलवरच दिसतो.

आणि लेखी मिळालं म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्यांना सरकारनं लेखी आश्वासन दिलं होतं. तरी 2019 ला आणि 2023 ला पुन्हा मोर्चा काढावा लागला. कॅमेरे एका दिवसात निघून जातात, पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

2 ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी असते, मान्य. पण घरटी एक माणूस तरी सभेला पाठवा. बायकांनाही पाठवा, महिलांची सभा आधी घ्यायची, हे कायद्यातच आहे.

पुढच्या सभेत मी शेतरस्त्याचा विषय लेखी देणार आहे. तुम्ही कोणता देताय?