कोऱ्या पानांचा हिशेब

स्वातंत्र्यानंतर प्रथमच २०२१ साली केंद्रीय अर्थसंकल्प छापला गेला नाही. निमित्त कोविडच्या साथीचे होते. अर्थमंत्र्यांच्या हाती लाल आवरणातील टॅब आला, खासदारांना अर्थसंकल्पाची कागदपत्रे पडद्यावर मिळाली आणि झाडे वाचल्याचा गाजावाजाही यथास्थित झाला. हे योग्यच झाले. तथापि अर्थसंकल्पाच्या प्रती हजारांत मोजाव्या लागतात. केंद्र आणि राज्ये मिळून दरवर्षी जी पाठ्यपुस्तके छापतात, त्यांची गणती कोटींत होते. त्या कागदाचा विषय मात्र सभागृहात क्वचितच निघतो.

कागदनिर्मिती हा निरुपद्रवी धंदा नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी ठरविलेल्या १७ उद्योगगटांत लगदा आणि कागद यांचा समावेश आहे. बल्लारपूरच्या गिरणीने चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू कित्येक दशके वापरला. तो स्वतः विकण्याचा अधिकार मेंढा (लेखा) ग्रामसभेला मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले. आता गिरण्यांची भिस्त शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी आणि सुरूवर अधिक आहे. जंगलावरचा ताण त्यामुळे हलका झाला. पाणी, वीज आणि रसायने मात्र लागतातच.

अशा स्थितीत पाठ्यपुस्तकाचा पर्यावरणीय भार ठरतो तो मुख्यतः एका गोष्टीवर, ती म्हणजे एक प्रत किती मुलांच्या हातांतून जाते. चार वर्षे टिकलेले पुस्तक तीन पुस्तकांचा कागद वाचविते. थोरल्याची पुस्तके धाकट्याला, हा मराठी मध्यमवर्गाचा जुना शिरस्ता याच हिशेबाचा होता, जरी त्यामागे पर्यावरणापेक्षा काटकसरच अधिक होती. आठवीपर्यंत दरसाल नवे पुस्तक मोफत देणाऱ्या सरकारी योजनेने हा शिरस्ता अनावश्यक ठरविला. गरिबाच्या मुलाला कोरे पुस्तक मिळावे, यात वावगे काही नाही. पण वर्षाअखेरीस ते परत घेऊन सुस्थितीतील प्रती पुन्हा वाटण्याची व्यवस्था सर्वत्र का नसावी, याचे समाधानकारक उत्तर कोणी देत नाही.

महाराष्ट्राने तर उलटी दिशा धरली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि वह्यांचा खर्च वाचावा, या हेतूने २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली. हेतू चांगला होता. परिणाम असा की, मुले वह्या आणतच राहिली. ज्या पुस्तकात लिहायचे, ते पुढच्या मुलाच्या कामाचे उरत नाही, हा साधा विचारही झालेला दिसत नाही. २०२५ च्या प्रारंभी हा निर्णय मागे घेण्यात आला. तोवर ती पाने छापून, बांधून, वाटून झाली होती.

दिल्लीचे चित्र संमिश्र आहे. बदलीच्या नोकरीतील मराठी अधिकाऱ्यांची मुले ज्या केंद्रीय विद्यालयांत शिकतात, तेथे ‘पुस्तकोपहार’ उपक्रमातून वरच्या वर्गाची पुस्तके खालच्या वर्गाकडे जातात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरी आणि सहावीची, तर २०२५ मध्ये चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची पुस्तके बदलली. त्या इयत्तांपुरती जुनी प्रत रद्दीत जाणे क्रमप्राप्तच होते. अभ्यासक्रम बदलू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र एकदा बदलल्यावर तो किती वर्षे स्थिर राहील, याची हमी शिक्षण खात्याच्या अनुदान मागण्यांवरील चर्चेत सरकारकडून मागायला हवी. पुनर्वापरातील लगद्याचे किमान प्रमाण कागदाच्या निविदेतच घालणे, हाही सरकारच्या हातातलाच उपाय आहे.

एनसीईआरटीच्या पुस्तकांवर कागद ८० जीएसएमचा आणि जलचिन्हांकित असल्याची ओळ छापलेली असते. बनावट प्रती ओळखण्यासाठी जलचिन्ह आवश्यकच आहे. तो कागद कोणत्या लगद्यापासून बनला, हे सांगणारी आणखी एक ओळ त्याच पानावर सहज मावेल.