भोकं बुजवणाऱ्यांस जाहीर नोटीस

माझ्या गाडीला पोट आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. (दर आठवड्याला ते मीच भरतो.) पण तिला बेंबीही आहे आणि पावसाळ्यात त्या बेंबीत पाणी साचतं, हा शोध मात्र मला या जुलैत लागला. तोही भर पावसात, पेट्रोलपंपावर, मागे चार ट्रक हॉर्न वाजवत उभे असताना.

पंपावरच्या पोरानं गाडीच्या कुशीतलं झाकण उघडलं. आत वाटीसारखा खळगा, खळग्याच्या मधोमध टाकीचं बूच, आणि बूच बिचारं गळाभर पाण्यात उभं!

"काका, पानी हाये जी इथं," पोरगं म्हणालं.

"पाऊस हाये तं पानी राहीनच!" मी वऱ्हाडी बाण्यानं उत्तर दिलं.

पोरानं बूच फिरवलं. 'गुडुप' असा आवाज झाला आणि वाटी रिकामी झाली. ते पाणी गेलं कुठं, असा प्रश्न वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तरी पडायला हवा होता. एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या खात्यात निघतेच, एवढं तर आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण मी पाचशे रुपयांचं पेट्रोल घेतलं आणि शीळ घालत निघालो. पंधरा दिवसांत हा 'गुडुप' तिसऱ्यांदा झाला होता, हे मला नंतर आठवलं.

नांदगाव पेठेच्या टोलनाक्याअलीकडे गाडीला आधी उचकी लागली, मग ठसका, मग कायमचं मौन.

मिस्त्रीनं टाकी उपसली आणि थोडा माल काचेच्या बाटलीत घेऊन माझ्या नाकासमोर धरला. बाटलीत दोन थर स्पष्ट दिसत होते. लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास, लिटरभर पाणी भरतं किलोभर. म्हणजे पाणी तळाशी बसणार. आणि हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला पेट्रोल पाजणारा पंप टाकीतच, तळाशी बसवलेला असतो. पंगतीत आगंतुक शिरावा आणि नेमका वाढप्यासमोरच बसावा, तसा हा प्रकार!

लगेच चहाच्या टपरीवर न्यायालय भरलं. निकाल एकमतानं लागला : इथेनॉल! २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं, तेव्हापासून आमच्याकडे गाडी बंद पडली, मायलेज घटलं किंवा जावई रुसला तरी आरोपी ठरलेला असतो. मी इथेनॉलचा वकील नाही. पण या खटल्यात त्याचा गुन्हा दुय्यम आहे. इथेनॉलला पाण्याची आवड. चार थेंब आले तर ते पोटात घेतं आणि ते पाणी गुपचूप इंजिनावाटे निघून जातं. पण वाट्याच्या वाट्या आल्या की त्याचीही मर्यादा संपते. मग ते पेट्रोलशी असलेली भागीदारी मोडून पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं. घरात आलेल्या चोराशी त्यानं सलगी केली हे खरं, पण चोराला दार कुणी उघडून दिलं?

मिस्त्रीनं त्या वाटीच्या तळाशी बोट लावलं. "साहेब, इथलं भोक कोनं बुजवलं?"

मी आकाशाकडे पाहिलं. भोक मी बुजवलं होतं. मागच्या वर्षी एका स्नेह्यानं सल्ला दिला, "भोक हाये तं पानी आत जाईनच नं राजेहो! बुजवून टाका!" आणि मी एक सबंध रविवार सत्कारणी लावून त्यात लांबी भरली होती.

वाचकहो, ते भोक पाणी आत येण्यासाठी नसतंच! ते बाहेर जाण्यासाठी असतं! वरचं झाकण पाऊस पुरता अडवत नाही, आणि ते बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणूनच त्यानं वाटीच्या तळाला भोक ठेवलं, त्याला रबरी नळी जोडली आणि ती खाली चाकाजवळ सोडली. आलेलं पाणी आल्या वाटेनं नव्हे, पण निमूट निघून जावं, एवढी साधी योजना. धूळ, कडुनिंबाची पानं आणि माझ्यासारखे हुशार लोक हे तिचे तीन शत्रू.

म्हणून ही जाहीर नोटीस. भोकं बुजवणाऱ्यांनो, तुमच्याशी माझं भांडण आहे! आत येणारी प्रत्येक वस्तू तुम्ही मोजता. बाहेर जाणारीची वाट मात्र तुम्हांला छिद्र वाटते. कचेरीत आवकेचं रजिस्टर कोरं करकरीत, जावकेचं शोधायला शिपाई पाठवावा लागतो. तुम्ही पंपावर लिटरचे आकडे डोळे फाडून पाहता (जरूर पाहा, पाच लिटरच्या मापानं मोजून मागण्याचा आणि फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे), पण बूच उघडण्याआधी फडक्यानं दोन चमचे पाणी टिपून घ्या, असं त्या पोराला सांगत नाही!

उपाय फुकट आहे, म्हणूनच कोणी करत नाही. बूच घट्ट लावा, त्याचा रबरी वायसर फाटलेला नाही ना ते पाहा. खराट्याची लवचीक काडी त्या भोकात हलक्या हातानं फिरवा. तार खुपसाल तर नळी फाटेल. मग पेलाभर पाणी वाटीत ओता आणि चाकाजवळ वाकून पाहा. खाली धार लागली की जिंकलात. ज्या अमरावतीत गाडगेबाबांची समाधी आहे, त्या मुलखात खराटा कसा धरावा हे माझ्यासारख्या कारकुनानं शिकवावं, याची लाज मलाच वाटते.

एवढं तावातावानं मी घरी सौभाग्यवतींना ऐकवलं. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, मग आपल्या फाटकापुढची नाली?"

मी गप्प बसलो. त्याचं कारण असं की, गाडी घेतली तेव्हा ती आत नेण्यासाठी फाटकापुढच्या नालीवर मी सिमेंटचा उतार घातला होता. झोकात! नाली खाली गडप. गेल्या पावसाळ्यात गल्लीतलं पाणी तुंबलं आणि उताराच्या बाजूच्या आजींच्या घरात शिरलं. त्यांची वर्षाची तूर भिजली. आम्ही सगळ्यांनी मिळून सरकारला शिव्या दिल्या, त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. आजी मात्र ओली तूर अंगणात पसरताना मला एवढंच म्हणाल्या होत्या, "पानी तरी काय करीन बाप्पा, त्याले रस्ता पायजे."

त्या वेळी मला वाटलं, आजी तत्त्वज्ञान सांगताहेत. त्या पत्ता सांगत होत्या!

मागच्या रविवारी गवंडी आणला आणि तो उतार फोडला. नालीतून दोन टोपल्या गाळ, एक चप्पल आणि माझ्याच घरची एक बादली निघाली. भिजलेल्या तुरीचे पैसे आजी घेत नाहीत. आता तुरीचंच पोतं नेऊन टाकायचं ठरवलंय.

गाडी सध्या गल्लीच्या पलीकडे, कडुनिंबाखाली उभी असते. पानं सारखी त्या वाटीत पडतात. रोज सकाळी खराट्याची काडी घेऊन मी तिच्या कुशीशी वाकलेला असतो, आणि सल्ला देणारा तो स्नेही रोज थांबून म्हणतो, "इतकी कटकट काहून करता राजेहो? वरून चिकटपट्टी लावून टाका नं!"